शेतमालाच्या ट्रकला तासांतून मिळणारी सूट : दीडशे मैल नेमके कोठून मोजायचे?

सलिनास_डिस्पॅच

नमस्कार. कॅलिफोर्नियातील सलिनास खोऱ्यात एका लहान वाहतूक कंपनीत मी डिस्पॅचचे काम पाहतो. लेट्यूसच्या हंगामात आमचे रीफर (माल थंड ठेवणारे) ट्रक युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटीकडे जातात आणि घोडे नेमके कूलरच्या, म्हणजे भाजी थंड करून ठेवण्याच्या गोदामाच्या, दारात पेंड खाते. सकाळी ६ ला डॉकवर लागलेला ट्रक कधी कधी ११ पर्यंत भरून होत नाही आणि चालकाला दिवसाला मिळणाऱ्या १४ तासांतले ५ तिथेच सरतात. माल शेतीचा असल्यामुळे संपूर्ण फेरीलाच चालकाच्या कामाच्या तासांचा नियम लागत नाही, ई-लॉग (तासांची इलेक्ट्रॉनिक नोंद) बंद ठेवला तरी चालतो, असे आमचे मालक म्हणतात. मला ते पटत नाही. सूट १५० मैलांची आहे एवढे ठाऊक आहे; पण ते मैल शेतापासून मोजायचे की कूलरपासून, आणि वाटेत दुसऱ्या कूलरवरून उरलेले पॅलेट उचलले तर मोजणी नव्याने सुरू होते का?

लॉगतपासनीस

मालकांचे म्हणणे अर्धेच बरोबर आहे, आणि दंड होतो तो उरलेल्या अर्ध्यासाठी. ही सूट मालाला नसून माल जिथून निघाला त्याभोवतीच्या १५० मैल त्रिज्येच्या वर्तुळाला आहे. १९९५ च्या कायद्याने ते १०० मैलांचे होते, २०१२ मध्ये १५० झाले. हे हवाई (म्हणजे सागरी) मैल असल्यामुळे रस्त्यावरच्या साध्या मैलांत सरळ रेषेने सुमारे १७२.६ भरतात. म्हणजे सलिनासहून निघालेला ट्रक सॅक्रामेंटो ओलांडून सिएराचा चढ लागेपर्यंत वर्तुळातच असतो, जरी मैलांचा काटा त्याहून बराच पुढे गेलेला दिसला तरी.

मध्यबिंदू म्हणजे मालाचे ‘उगमस्थान’. ते शेतच असावे असे नाही. मधली साठवण किंवा भरणीची जागाही उगमस्थान ठरते, मात्र तोवर मालाचे मूळ रूप बदललेले नसावे. नुसते थंड करून खोक्यात भरलेले लेट्यूस या अटीत बसते, त्यामुळे तुमचा कूलर चालेल. टोमॅटोची पेस्ट असती तर सूटच मिळाली नसती. अनेक ठिकाणी माल भरला तर पहिली भरणी हाच मध्य. दुसऱ्या कूलरने वर्तुळ पुढे सरकत नाही.

वर्तुळातील वेळ, भरणीची वाट पाहण्याची धरून, तासांत मोजली जात नाही. रेषा ओलांडली की घड्याळ सुरू : ११ तास चालवणे, १४ तासांची खिडकी (ती संपली की गाडी चालवायची नाही), ८ तास चालवल्यावर अर्धा तास विश्रांती. त्या क्षणी चालकाने ई-लॉगमध्ये यायचे आणि आधीचे मैल सवलतीतले असल्याची नोंद शेरा लिहून करायची. बिल्टीवर पहिल्या भरणीचा पत्ता आणि वेळ स्पष्ट असू द्या. तपासणी नाक्यावर तोंडी हिशेब कोणी ऐकत नाही. आणखी एक गोष्ट म्हणजे सूट राज्याने ठरवलेल्या लागवडीच्या आणि काढणीच्या काळापुरतीच असते. काही राज्यांत तो काळ बारमाही आहे, काहींत ठरावीक महिनेच.

रीफर_चालक

वरील उत्तर नियमाप्रमाणे चोख आहे, पण मी १४ वर्षे स्टीअरिंगमागे बसलेला माणूस आहे, म्हणून तुमचेच आकडे मांडून पाहतो. चालक सकाळी ६ ला डॉकवर आला. ११ ला निघाला आणि दुपारी ३ च्या सुमारास रेषा ओलांडली. तिथून पूर्ण ११ तास आणि अर्धा तास विश्रांती धरली तर रात्रीचे अडीच वाजतात. कागदावर एकही मिनिट चुकलेले नसते, पण माणूस साडेवीस तास जागा असतो, तेही ८० हजार पौंडांच्या गाडीत. मुख्य म्हणजे थकलेल्या किंवा आजारी अवस्थेत गाडी चालवू नये हा केंद्रीय नियम वेगळा आहे आणि ही सूट त्याला हात लावत नाही. अपघातानंतर वकील पहिल्यांदा तेच कलम उघडतो. कूलरवर थांबलेली वेळ ही झोप नव्हे. दर वीस मिनिटांनी कोणीतरी दार ठोठावून डॉक बदलायला सांगतो.

गुरांची_गाडी

एक भर घालतो. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने जनावरांच्या वाहतुकीला मुक्कामाच्या बाजूनेही १५० हवाई मैलांची सूट दिली आहे. कोणीतरी तीच लेट्यूसला लावून सॉल्ट लेकच्या अलीकडे पुन्हा लॉग बंद करायला सांगेल, तेव्हा सावध राहा. भाजीपाल्याला ती नाही. रिकामा ट्रक केवळ शेतमाल आणण्यासाठीच येत असेल तर वर्तुळाच्या आत त्याचेही तास मोजत नाहीत, हे मात्र तुमच्या उपयोगाचे आहे.

सलिनास_डिस्पॅच

सर्वांचे आभार. उद्याच्या लोडसाठी पहिल्या कूलरचा पत्ता बिल्टीवर लिहून घेतला आहे आणि नकाशावर रेषाही आखली आहे. साडेवीस तासांचा हिशेब मी चालकाला दाखवला, तेव्हा त्याने भरणी ९ च्या पुढे गेली तर वाटेतल्या रीनो शहराच्या पलीकडे जाणार नाही, असे सांगून टाकले. माल घेणाऱ्यांना त्याप्रमाणे एक दिवस उशिराची वेळ मागितली आहे. मालकांना सांगणे अजून बाकी आहे.