मदत हवी आहे: 'बूट' शब्दाचे अजून कुठले अर्थ सांगता येतील?

नमस्कार मंडळी, मी सोलापुरात अशोक चौकाजवळ आठवी-नववीच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घेते. बऱ्याच मुलांच्या घरी इंग्रजी बोलणारं कोणी नाही, त्यामुळं डिक्शनरीतला पहिला अर्थ घेऊन बसतात आणि परीक्षेत अडतात, म्हणून एक तास फक्त 'बूट' या शब्दावर घ्यायचा विचार आहे.

माझ्याकडं इतकं जमलंय: ब्रिटनमध्ये गाडीची डिकी म्हणजे बूट, अमेरिकेत तिलाच ट्रंक म्हणतात. कामावरून काढून टाकलं तरी 'बूट दिला' म्हणतात. कॉम्प्युटर बूट होतो तो शब्द बूटस्ट्रॅपवरून आलाय, म्हणजे बूट ओढून चढवायला मागं जो पट्टा असतो तो. स्वतःच्याच बुटाचा पट्टा ओढून स्वतःला वर उचलायचं, तसं मशीन आधी एक छोटा प्रोग्रॅम चालवतं आणि तो बाकीची सिस्टीम आत घेतो, हे मुलांना लय आवडंल असं वाटतं. आणि 'टू बूट' म्हणजे 'शिवाय, वर आणखी', त्याचा पायातल्या बुटाशी काही संबंधच नाही, तो जुन्या इंग्रजीतल्या लाभ या अर्थाच्या वेगळ्या शब्दातून आलाय.

आता गॅरेजवाल्यांनी सांगा की, एक्सलवर जे रबरी बूट असतं ते फाटलं तर नक्की काय बिघडतं? मुलांना खरा पार्ट हातात द्यायचाय, जुना फाटका कुणाकडं असंल तर कळवा, मी येऊन घेऊन जाईन.