एका रात्रीत संपणाऱ्या भुताच्या गोष्टी : मालिका सुचवा, किस्से सांगा

गिरणाकाठ :
परवा भाचा सुट्टीला आला, रात्री जेवणं झाल्यावर मोबाईल घेऊन शेजारी बसला आणि म्हणे आत्या भुताची भारी सिरीज सांग, पण एका भागात एक गोष्ट संपली पाहिजे, पुढच्या भागासाठी लटकवणारी नको. मी पहिलं नाव घेतलं झी हॉरर शो, त्यातली एकेक गोष्ट काही भाग चालायची तरी. त्यानं ते ऐकलेलंच नव्हतं! मग त्याला सांगता सांगता सगळंच आठवत गेलं म्हणून हा धागा.

1993 साल, रामसे बंधूंची मालिका, पहिली गोष्ट 'दस्तक', पंकज धीर आणि अर्चना पूरन सिंग. आता सगळ्यांना ती हसताना माहितीये, आमच्या वयाच्या लोकांना आधी ती घाबरलेली आठवते. भडगावला आमच्या गल्लीत केबल एकाच घरी होती, त्यांच्या ओसरीवर निम्मी गल्ली बसायची. संपलं की घरी येऊन धाब्यावर म्हणजे घराच्या छतावर झोपायचं, उन्हाळ्यात खाली झोपायची सोयच नाही, मध्यरात्रीपर्यंत भिंतीला हात लावला तर चटका. शिडी चढताना शेवटचा नंबर कोणाला नको असायचा, त्यावरून भावंडांची रोज मारामारी. वर गेल्यावर त्या उकाड्यात डोक्यावरून गोधडी, पायाचं बोटसुद्धा बाहेर नाही. घामानं निथळायचो पण गोधडी काढायची नाही. आजी खाटेवरून म्हणायची, "भ्याऊ नको, मी शे ना."

मला मनापासून वाटतं की भुताची गोष्ट झोपायच्या आधी पूर्ण झाली पाहिजे. वर्षभर चालणाऱ्या मालिकेत भुताची सवय होते, दोनतीन महिन्यांत ते घरातलंच माणूस वाटायला लागतं आणि मग मालिकावाले त्याचीही सासू-सून करून टाकतात. एका भागाच्या गोष्टीत लेखकाला पसरायला जागाच नसते, शेवट करावाच लागतो, आणि तो शेवट घेऊन आपल्याला अंधारात बाथरूमला जावं लागतं. तर सांगा, कुठल्याही भाषेतलं चालेल. बघतानाचे किस्से तर पाहिजेतच.

भुसावळ_यार्ड :
आहट!!! सोनी, 1995. सीआयडीवाल्या बी. पी. सिंग यांचीच. सुरुवातीला त्यात खुनाच्या, रहस्याच्या पण गोष्टी असायच्या, शेवटी भूत निघतं की माणूस हे कळायचं नाही आणि मला तेच जास्त आवडायचं. नंतर नंतर सगळं भूतच झालं. आम्ही रेल्वे क्वार्टरमध्ये, पप्पा रात्रपाळीला, घरात मम्मी आणि मीच. टीव्हीत सगळं शांत आणि तेवढ्यात यार्डात शंटिंगचे डबे एकमेकांवर आदळायचे, धाड धाड धाड करत तो आवाज पूर्ण गाडीभर पळत जातो ना तसा, आम्ही दोघी एकमेकींचा हात धरायचो. मम्मी 2021 ला गेली. आता आहटचं म्युझिक कुठे लागलं की आधी तिचा हात आठवतो, बांगड्यांसकट.

तापी_माय :
@भुसावळ_यार्ड अगं बाई... काळजी घे. माझी आई अशीच रामायण लागलं की आठवते.

केळी_रावेर :
आम्हाला सिरीज लागत नाही भो. रात्रीची लाईट असते, दोन वाजता मोटर चालू करून केळीला पाणी भरायला जा एकटं. वारं नसताना एकच पान हलतं. बाकी सगळी बाग गप. बॅटरी मारली तर काहीच नाही, बॅटरी बंद केली की परत खर्रर्र. वाळलेलं पान खोडाला घासतं एवढंच असतं, माहीत असतं तरी पाय उचलत नाही. मोबाईलवर भजन लावून जातो मी.

गिरणाकाठ :
@केळी_रावेर हे वाचूनच काटा आला दादा. यावर कोणीतरी एक भाग काढायला पाहिजे, अर्धा तास, बाग, एक माणूस, एक बॅटरी. बास.

मायबोली_धुळे :
मराठीचं कोणी नाव घेईना म्हणून मीच घेते. रत्नाकर मतकरींची 'गहिरे पाणी' विसरलात का? त्यात उगाच किंचाळणं नाही, केस मोकळे सोडलेली बाई नाही, साधी मध्यमवर्गीय घरं आणि त्यात हळूच काहीतरी बिनसतं. आणि नारायण धारपांच्या कथांवरची 'अनोळखी दिशा' स्टार प्रवाहवर लागायची. धारप वाचलेल्यांना ती कमी वाटेल, मलाही वाटली, कारण धारपांचं भूत वाचताना आपणच तयार करतो आणि त्याच्यापुढे मेकअपचं भूत टिकत नाही. पण बघाच. मराठीत एवढा खजिना पडलाय आणि आपण सगळे कोरियन बघतोय याचं मला खरंच वाईट वाटतं.

विकराल_फॅन :
श्श्श कोई है. 2001 स्टार प्लस. मामिक सिंग म्हणजे भुतांशी लढणारा विकराल. लोडशेडिंगचं टाईमटेबल आमच्या पारोळ्याला असं होतं की विकराल भुतासमोर उभा राहिला की लाईट गेलीच. शेवट दुसऱ्या दिवशी शाळेत कळायचा, ज्याच्या गावाला लाईट होती तो सांगायचा आणि तो दिवसभर हिरो

तापी_माय :
@विकराल_फॅन आमच्याकडे इन्व्हर्टर होता, अख्खा वर्ग ओळखायचा मला

शहाद्याचा_पोऱ्या :
इनसाइड नंबर नाइन कोणी बघितली का? बीबीसीची, 2014 ते 2024. रीस शिअरस्मिथ आणि स्टीव्ह पेम्बर्टन हे दोघं मिळून लिहितात आणि बहुतेक भागांत स्वतःच वेगवेगळी कामं करतात. अर्धा तास, बहुतेक वेळा एकच जागा. पहिला भाग तर कपाटात घडतो. साखरपुड्याची पार्टी, मोठी माणसं लपाछपी खेळतायत, जो शोधून काढेल त्यानं पण त्याच कपाटात शिरायचं. गर्दी वाढत जाते तसं त्या घरातलं जुनं, कोणी कधी न बोललेलं वर यायला लागतं. भूत नाहीये त्यात. मी हिंजवडीत एकटा राहतो, त्या रात्री मी माझं कपाट उघडून बघितलं होतं.

दुसरा भाग जवळजवळ बिनसंवादाचा, चोर घरात शिरतात तो. सुट्टीत आईला लावून दिला, इंग्रजीची काही अडचणच नाही, आई हसून हसून बेजार आणि मग एकदम गप्प. आणि 2018 च्या हॅलोवीनला त्यांनी लाइव्ह भाग केला, मधेच आवाज गेला, तांत्रिक अडचण असं सांगितलं, लोकांनी खरंच चॅनेल बदललं. तो बिघाडच गोष्ट होती! ज्यांनी चॅनेल बदललं त्यांच्यासाठी जीव तुटतो माझा. अजून एक, प्रत्येक भागात कुठेतरी सशाची छोटी मूर्ती ठेवलेली असते, ती शोधायची.

जिनिंगवाला :
नेटफ्लिक्सवर कॅबिनेट ऑफ क्युरिऑसिटीज, 2022 ची, आठ गोष्टी, आठ दिग्दर्शक, सुरुवातीला गिलेर्मो देल तोरो स्वतः येऊन ओळख करून देतो. त्यात एक कबरीतल्या उंदरांची गोष्ट आहे. आमचं कापसाचं गोडाऊन आहे, उंदीर रोजचेच, पण तो भाग बघितल्यापासून गंजीमागे हात घालत नाही, काठीनं चाचपतो आधी. शवविच्छेदनाचा भाग सगळ्यात जबरी, म्हातारा डॉक्टर, खाणीतल्या अपघाताचे मृतदेह आणि रात्र. जेवताना लावू नका.

तापी_माय :
जेवणावरून आठवलं, आज आमच्याकडे भरीत आहे, शेतात तुरखाट्यांवर भाजलेली वांगी आली बामणोदची. कोणाला कळण्याचं पीठ जळगावात चांगलं कुठे मिळतं माहितीये का?

सातपुडा_पायवाट :
धडगावकडचा आहे मी. दिवाळीत अस्तंब्याची यात्रा असते, रात्रभर डोंगर चढतात लोक. अश्वत्थामा तिथे फिरतो, जखमेला तेल मागतो, वाट चुकलेल्याला वाट दाखवतो असं म्हणतात. आमच्याकडे त्याला भीत नाही कोणी, त्याच्याकडे जातात. म्हणून मला एचबीओ एशियाची फोकलोर (2018) आवडली. सहा भाग, सहा आशियाई देश, प्रत्येकाचं आपलं आपलं भूत. पहिला इंडोनेशियाचा, जोको अन्वरचा. त्यातली वेवे गोम्बेल, आईबापांनी टाकून दिल्यासारखी वागवलेली लेकरं उचलून नेते आणि सांभाळते. आता सांगा, भूत कोण आणि आईबाप कोण. इंग्रजी सिरीजमध्ये भूत आलं की त्याला हाकलायचंच असतं. आपल्या बाजूला भुतालाही काहीतरी पाहिजे असतं, ते दिलं की झालं.

गिरणाकाठ :
@सातपुडा_पायवाट किती छान लिहिलंत. माझी आजी पण तिन्हीसांजेला उंबऱ्याबाहेर भाकरीचा तुकडा ठेवायची, कोणासाठी ते सांगायची नाही.

कामात_आहे :
यामिशिबाई. जपानी. 2013 पासून. पाच मिनिटांचा भाग, कागदी चित्रं हलवून गोष्ट सांगतात. कुकरच्या तीन शिट्ट्यांत होते. संध्याकाळी एकटं असताना बघू नका

भुसावळ_यार्ड :
@गिरणाकाठ भाचा केवढा आहे?

गिरणाकाठ :
नववीत गेला.

भुसावळ_यार्ड :
मग उंदीर आणि शवविच्छेदन राहू देत. द ट्वायलाइट झोन द्या. 1959 ते 1964, ब्लॅक अँड व्हाइट, 156 भाग आणि त्यातले 92 एकट्या रॉड सर्लिंगनं लिहिलेत. रक्त नाही, शिव्या नाहीत. विमानाच्या पंखावर कोणीतरी बसलंय आणि ते एकट्या विल्यम शॅटनरला दिसतंय, तो 1963 चा भाग आधी दाखवा. काळ्या-पांढऱ्याला नाक मुरडेल पण दहा मिनिटं बसवा त्याला.

मायबोली_धुळे :
आणि विक्रम और बेताल पण! 1985, रामानंद सागर, अरुण गोविल विक्रम आणि सज्जन नावाचे नट बेताल. दर भागाला नवी गोष्ट आणि शेवटी प्रश्न. ट्वायलाइट झोनच्या कितीतरी शतकं आधी आपल्याकडे हा साचा होता, झाडावर लटकलेलं प्रेत निवेदक! जगात कोणाला सुचलं नसतं.

शहाद्याचा_पोऱ्या :
@मायबोली_धुळे हे भारीच. ताई गहिरे पाणीचे भाग आता कुठे बघायला मिळतील?

मायबोली_धुळे :
@शहाद्याचा_पोऱ्या शोधते आणि इथेच टाकते. तोवर मतकरींची पुस्तकं वाच, हिंजवडीतून पुण्यातल्या लायब्रऱ्या लांब नाहीत.

केळी_रावेर :
@तापी_माय कळण्याचं पीठ विकत कशाला, आमच्याकडे ज्वारी-उडीद दळून ठेवलंय. रविवारी फैजपूरला बाजाराला येतोय, दोन किलो आणू का?

तापी_माय :
आणा की! भरीत माझ्याकडून