मदत हवी आहे: हल्ल्यावरच्या टीव्ही चर्चेवरून अण्णा आणि चाचांचं बोलणं तुटलंय

नमस्कार मंडळी,

श्रीवर्धन तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावातून लिहितेय. प्रश्न घरगुती वाटेल, पण त्याची सुरुवात टीव्हीसमोर झाली, म्हणून इथे विचारतेय.

माझे वडील, अण्णा, एसटीतून रिटायर झालेले. मोहल्ल्यातल्या चाचांशी त्यांची ३५ वर्षांची दोस्ती. चाचांची स्वतःची बोट आहे. बोट लागली की अण्णांसाठी बाजूला काढलेल्या बांगड्यांची पिशवी आमच्या पडवीतल्या खुंटीला टांगलेली असायची. हाक नाही, काही नाही. पिशवी दिसली की आई वाटण वाटायला घ्यायची. २०२५ च्या एप्रिलपासून ती खुंटी रिकामी आहे.

२२ एप्रिलला पहलगामला २६ माणसं मारली. त्यातली सहा महाराष्ट्रातली, एक तर आमच्याच जिल्ह्यातल्या पनवेलचे. त्या रात्री मृतांची नावंसुद्धा पुरती आली नव्हती, आणि अण्णांच्या रोजच्या वाहिनीवर सहा चौकटींत सहा माणसं बसून हे कुठल्या पक्षाच्या पापामुळे झालं ते सांगत होती. तिकडे चाचांच्या मोबाईलवर एक यूट्यूबवाले पत्रकार तितक्याच ठामपणे सांगत होते की बिहारची निवडणूक येतेय, काय ते समजून घ्या. पुरावा दोघांकडेही नव्हता. दोस्तांनी ते व्हिडिओ एकमेकांना पाठवले. चाचांनी लिहिलं, "तुमच्या सरकारला विचारा." अण्णांनी उत्तर दिलं, "तुम्ही लोक असंच बोलणार."

तुम्ही लोक. ३५ वर्षांत अण्णांच्या तोंडून चाचांसाठी हे कधी ऐकलं नव्हतं. मी तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचला.

घाईने काढलेला निष्कर्ष कसा तोंडावर पडतो हे आम्ही आमच्या किनाऱ्यावर पाहिलंय. १८ ऑगस्ट २०२२, दहीहंडीच्या आदला दिवस. हरिहरेश्वरला एक बेवारस बोट लागली, आत तीन एके-४७. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांचं आरडीएक्स आमच्याच तालुक्यात शेखाडीला उतरलं होतं, त्यामुळे इथे नुसतं 'बोट सापडली' म्हटलं तरी मोहल्ल्यातली दारं लागतात. दुपारपर्यंत मोबाईलवर स्थानिक हस्तकांपासून 'अधिवेशन चालू आहे, लक्ष वळवायचा डाव आहे' इथपर्यंत सगळं येऊन गेलं. मग गृहमंत्री फडणवीसांनी त्याच दिवशी विधानसभेत सांगितलं की बोट एका ऑस्ट्रेलियन बाईच्या मालकीची, मस्कतहून युरोपला निघालेली. २६ जूनला इंजिन बंद पडलं, कोरियन युद्धनौकेने माणसं वाचवली, बोट वाहत वाहत इथे आली. दहशतवादाचा संबंध अजून दिसलेला नाही, पण कुठलीही शक्यता नाकारत नाही, असंही ते म्हणाले. जेवढं माहीत तेवढंच बोलायचं ते असं.

त्या दुपारी बोटींचे कागद तपासले जात होते, तेव्हा अण्णा चाचांच्या शेजारी जेटीवर उन्हात बसून होते. जेवायलाही आले नाहीत. तोच माणूस आज 'तुम्ही लोक' लिहितो.

मी आपल्या परीने समजावून पाहिलं. अण्णांना नॉर्वेचं सांगितलं. २२ जुलै २०११, ७७ माणसं गेली, सुरुवातीला कित्येक जाणकारांनी जिहादींचं नाव घेतलं आणि मारेकरी निघाला तिथलाच, मुसलमानांचा द्वेष करणारा. अण्णा म्हणाले, तू चाचांची बाजू घेतेस. चाचांना २६/११ नंतरची अंतुले साहेबांची गोष्ट आठवून दिली. आंबेतचे अंतुले, तेव्हा केंद्रात मंत्री, चाचांचे दैवत. त्या हल्ल्यात गेलेले एटीएस प्रमुख करकरे, त्यांच्या मृत्यूबद्दल अंतुल्यांनी शंका काढली, केवढा गदारोळ झाला, आणि गृहमंत्री चिदंबरम यांच्या संसदेतल्या निवेदनानंतर त्यांनी स्वतःच तो विषय मिटवला. चाचा गप्प बसले, पण रागावले असावेत.

आता मदत हवी आहे ती अशी. कुणाच्या घरात, दोस्तीत असं झालं असेल आणि जुळलं असेल, तर नेमकं कशाने जुळलं? आधी कुणाशी बोलू? मला वाटतं पहिला शब्द अण्णांनी टाकायला हवा, कारण जास्त लागणारं ते बोलले. आई म्हणते दोघांना एकदम समोर बसव. मला त्याची भीती वाटते.

दुसरं, तक्रारीबद्दल. कसाबच्या निकालात २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने वाहिन्यांनी केलेल्या २६/११ च्या थेट प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले होते. २०१५ पासून नियमही आहे की दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट दृश्यं दाखवायची नाहीत, नेमलेला अधिकारी वेळोवेळी सांगेल तेवढंच द्यायचं. पण स्टुडिओत बसून पहिल्या तासात कुणालाही गुन्हेगार ठरवणाऱ्यांचं काय? आधी वाहिनीकडे तक्रार करायची आणि समाधान झालं नाही तर वृत्तवाहिन्यांच्या संघटनेच्या मानक प्राधिकरणाकडे (एनबीडीएसए) जायचं, एवढं वाचलंय. कुणी केली आहे का? मराठीत लिहिलेली चालते का? आणि यूट्यूबवाल्याची तक्रार कुठे करायची? मला दोघांचीही करायची आहे, एकाचीच केली तर घरात पुन्हा बाजू घेतल्यासारखं होईल.

३१ जुलैला मासेमारीची पावसाळी बंदी संपते. चाचांची बोट निघायच्या आत हे मिटावं असं फार वाटतंय. ज्यांना सविस्तर लिहिता येईल त्यांनी कृपया लिहा, मी सगळं वाचणार आहे.