मदत हवी आहे: कुत्र्यासोबत छोट्या गावाची एका दिवसाची सहल, पण दुपारचं काय करायचं?

वीस किलोचा कुत्रा, गाडीने जाऊन-येऊन चार तास, मध्ये सहा तास गावात पायी. बरंचसं गणित बसलंय. निघायच्या तीन तास आधी खाणं बंद, पाणी चालू. सीटबेल्टला हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) अडकवायचा, गळपट्टा कधीच नाही. करकचून ब्रेक लागला की सगळा हिसका मानेवर येतो. पाणी दिवसाला किलोमागे साधारण 50 ते 60 मिली, म्हणजे सव्वा लिटरपर्यंत. चालणं जास्त असल्याने दोन लिटर, तेही रोजच्याच भांड्यातून. पट्टा दीड मीटरचा साधा. तो लांब-आखूड होणारा पट्टा अरुंद गल्लीत लोकांच्या पायात गुंततो.

अडतंय ते बारा ते तीन. तापलेल्या फरशीवर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता आली नाही, तर पंजे भाजणारच. गाडीत ठेवणं बाद: बाहेर 21 अंश असले तरी दहा मिनिटांत आत 32 च्या आसपास होतात, काच बोटभर उघडी ठेवूनही.

पंज्यांना बूट कितपत टिकतात? कुत्र्याला घाम पंज्यांतूनच येतो, म्हणून सलग किती वेळ ठेवावेत? ओला टॉवेल पाठीवर टाकण्यापेक्षा पोट आणि मांड्यांचा आतला भाग पुसणं बरं ना? आणि बाजाराच्या गल्लीत शेपूट पोटाशी घेऊन, ओठ चाटत तो बसूनच राहिला, तर लगेच मागे फिरायचं की दहा-पंधरा पावलं लांब थांबून खाऊ देत बघायचं?