मागचे टायर रुंद ठेवावेत की चारही सारखे घ्यावेत?

प्रश्न: माझ्या बीएमडब्ल्यू ३ सिरीजला (एफ३० पिढीची, मागच्या चाकांना शक्ती देणारी) पुढे २२५/४५ आर १८ आणि मागे २५५/४० आर १८ टायर आहेत (पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, शेवटचा रिमचा व्यास इंचांत). मागचे लवकर झिजतात आणि पुढे-मागे अदलाबदल करता येत नाही. चारही २२५ चे घेतले तर चालतील का?

उत्तर १: चालतील, मात्र रिम तपासा. मागची रिम सहसा साडेआठ इंच रुंद असते आणि २२५/४५ साठी सात ते साडेआठ इंच रिम मान्य असल्याने ती बसते. उलट २५५/४० ला किमान साडेआठ इंच रिम लागते, त्यामुळे तो टायर पुढच्या आठ इंची रिमवर कृपया चढवू नका.

उत्तर २: दोन्ही मापांच्या व्यासात जेमतेम दीड मिलिमीटरचा फरक असल्याने स्पीडोमीटर किंवा एबीएस यांची चिंता नाही. खरा फरक वळणावर जाणवेल. मागे रुंद टायर असले की टायरच्या पकडीची मर्यादा ओलांडताना आधी पुढची चाके घसरतात, आणि सामान्य चालकाला ते सावरणे सोपे जाते. म्हणूनच उत्पादक ही रचना निवडतात. चारही सारखे केल्यावर गाडी अधिक तत्परतेने वळते, पण ओल्या घाटात वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर जपून दाबावा लागेल. वर्षभर घाटातून जाणाऱ्याला मी मूळ मापच सुचवेन.

उत्तर ३: भारांक (टायर किती वजन पेलू शकतो ते सांगणारा आकडा) गाडीच्या पुस्तिकेतील आकड्याहून कमी नसावा, विशेषतः मागे. टायर दिशादर्शक नक्षीचे (एकाच दिशेने फिरण्यासाठी बनवलेले) नसतील, तरच तिरकी अदलाबदल (पुढचा डावा मागे उजवीकडे, अशी) शक्य होते.