मदत हवी आहे: हेडलेस फॅन फ्रेट पाच तारी बेस गिटार, तारा बदलल्यापासून बझ, शिवाय एका ट्यूनरचे आटे गेलेत

टिळकवाडी_पाचतारी
लवकर सांगा कोणीतरी. हेडलेस (वरचं डोकं नसलेला, ट्यूनर ब्रिजकडे), फॅन फ्रेट (पंख्यासारखे तिरपे पडदे), नेक-थ्रू (नेक बॉडीतून आरपार) पाच तारी बेस, ऑर्डर देऊन बनवलेला एकच नग. तारा बदलल्या तेव्हापासून बी आणि ई तारांवर नुसता बझ, म्हणजे तार फ्रेटला घासून खरखर. दुसरं म्हणजे डी तारेच्या ट्यूनरचा नॉब फिरतो, पण तार ताणत नाही. बनवणाऱ्यानं काम बंद केलंय, स्पेअर मिळणार नाही. रविवारी वाजवायचाय. ट्रस रॉड (नेकच्या आतली, त्याचा बाक ठरवणारी सळई) कुठल्या बाजूला फिरवू, एवढंच सांगा.

खानापूर_शिसव
कशासाठी फिरवायचा ते आधी ठरू दे. बझ कुठल्या फ्रेटवर येतो? पहिल्या चार-पाच फ्रेटवर असेल तर नेक जास्त सरळ झालाय किंवा मागे गेलाय. सगळीकडे सारखा असेल तर ॲक्शन, म्हणजे फ्रेटपासून तारांची उंची, कमी आहे. बाराव्याच्या पुढेच असेल तर गोष्ट वेगळी. जुन्या तारा कुठल्या गेजच्या (जाडीच्या), नव्या कुठल्या? दोन्ही बाजूंचा स्केल (तारेची वाजणारी लांबी) किती? हे न सांगता रॉडला हात लावू नका.

कारवार_खारावारा
गेज नंतर बघा, आधी हवा बघा. जून ते सप्टेंबर आपल्या भागात लाकूड फुगणारच. शिसवीच्या फिंगरबोर्डला वरून फिनिश नसतं. ओलावा तिथून शिरतो, बोर्ड लांबतो आणि नेक मागे वाकतो. केसमध्ये हायग्रोमीटर ठेवा, ४५ ते ५५ टक्के राखा. सिलिका जेल टाकलं तरी रंग बदलला की तापवून पुन्हा कोरडं करावं लागतं, नाहीतर नुसती पुडी पडून राहते.

खानापूर_शिसव
हे दर वेळी तसंच होतं असं नाही. नेकच्या मागच्या बाजूला लॅकर नसून फक्त तेल असेल तर ओलावा तिकडूनही शिरतो आणि नेक पुढेही येतो. कुठलं लाकूड कुठं जाईल ते मोजल्यावरच कळतं. आणि त्यांनी तारा बदलल्यापासून म्हटलंय, पाऊस लागल्यापासून नव्हे.

निपाणी_ग्रॅफाइट
लाकडी नेकचा नादच सोडा. नेड स्टाइनबर्गरनं १९८० च्या सुमारास आणलेल्या हेडलेस बेसमध्ये लाकूडच नव्हतं, ट्रस रॉडही नव्हता. कार्बन फायबरला पाऊस लागत नाही. संग्रह करायचा तर असलेच करा.

शहापूर_नोंदवही
अण्णा, त्यांच्या हातात लाकडाचा बेस आहे, त्यावर बोला की. आणि रॉड नसलेल्या नेकचा रिलीफ (पुढचा हलका बाक) चुकला तर फ्रेट घासण्याशिवाय मार्ग राहत नाही, तेही सांगा.

टिळकवाडी_पाचतारी
स्केल ३४ ते ३७ इंच. जुन्या तारा ४५-१३० (हजारांश इंचात), नव्या ४०-१२०, त्याच मिळाल्या. बझ पहिल्या ते चौथ्या फ्रेटवर. रॉडचा नट बॉडीच्या बाजूला, झाकणाखाली. आता बाजू सांगा.

खानापूर_शिसव
मग कारण गेजमध्येच आहे. स्केल आणि स्वर तेच असतील तर ताण ढोबळमानानं जाडीच्या वर्गावर चालतो. १३० ची १२० केली म्हणजे बी चा ताण १५ टक्के उतरला, ४५ ची ४० केली म्हणजे जी चा २१ टक्के. तारा कमी ओढतात, रॉड मात्र पूर्वीइतकाच मागे खेचतो. आधी मोजा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा), शेवटचा फ्रेट बोटानं दाबा, सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखालची फट फिलर गेजनं (मापाच्या पातळ पात्यांनी) बघा. बी खाली ०.३० ते ०.३५ मिमी, जी खाली ०.२५ हवी. नेक सरळ आहे का बघायची खाचांची पट्टी फॅन फ्रेटला चालत नाही, तिच्या खाचा एकाच स्केलच्या असतात. ताणलेली तार हीच पट्टी समजा.

फट कमी असेल तर घड्याळाच्या उलट दिशेनं, एका वेळी अष्टमांश फेरा. पुन्हा ट्यून करा, मग मोजा. दोन-तीन तासांनी परत मोजा, लाकूड सावकाश येतं. ट्यूनिंग नेहमीचंच आहे ना?

उद्यमबाग_लेथ
चावी घालण्याआधी माप बघा. ३/१६ इंच म्हणजे ४.७६ मिमी. तिथं ५ ची ॲलन की जात नाही आणि साडेचारची सैल बसून षटकोन गोल करते. नेक-थ्रूमध्ये नट खराब झाला तर नेक सोडवून काम करता येत नाही.

ट्यूनरचं: आटे स्क्रूचे गेलेत की नॉबचे? बहुतेक नॉब पितळी आणि स्क्रू स्टीलचा असतो, झिजतं ते पितळ. नवा नॉब लेथवर सहज होतो, पण आधी पिच (दोन आट्यांमधलं अंतर) मोजायचं गेज लावा. एम ४ चा पिच ०.७ मिमी. अमेरिकी ८-३२ चा व्यास ४.१७ आणि पिच ०.७९४. दोन्ही डोळ्याला सारखेच दिसतात. एम ४ चा नॉब ८-३२ वर एक-दोन फेरे जातो आणि अडकतो, जोर केला की स्क्रूही जातो. एकेक तार साधारण २० किलोच्या आसपास ओढते, म्हणून आट्यांची पकड निदान ८ मिमी ठेवा. पितळेपेक्षा फॉस्फर ब्राँझ घ्या.

बेळगाव_नऊव्होल्ट
ॲक्टिव्ह प्रीॲम्प (बेसमध्येच बसवलेलं, बॅटरीवर चालणारं सर्किट) आहे का? केबल लावून ठेवली की बॅटरी उतरत राहते, कारण जॅकच स्विचचं काम करतो. वाजवून झालं की केबल काढा. १८ व्होल्टचा असेल तर दोन्ही बॅटऱ्या एकदम बदला.

टिळकवाडी_पाचतारी
बॅटरीचं विचारलंच नाही. आटे नॉबचे गेलेत. ट्यूनिंग अर्धा स्वर खाली आहे, गायिकेसाठी.

खानापूर_शिसव
हेच हवं होतं! अर्धा स्वर खाली म्हणजे आणखी ११ टक्के ताण गेला. रॉड सिंगल ॲक्शन (एकाच बाजूला ओढणारा) असेल तर नट पूर्ण सैल केला तरी तो नेक पुढे ढकलत नाही, ओढायचं काम तारांनीच करायचं. डबल ॲक्शनला मध्ये थोडी मोकळी जागा लागते, तिच्यापुढे तो उलट बाजूला ढकलतो. अर्धा स्वर खालीच ठेवायचं असेल तर ४५-१३० वर परत या. ३७ इंचाच्या बी साठी पाकिटावर वाइंडिंगची लांबी बघा. ब्रिजपासून मोजून निदान ४० इंच हवी, नाहीतर पूर्ण जाडीचा भाग नटच्या (रॉडचा नव्हे, नेकच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) अलीकडेच संपतो.

निपाणी_ग्रॅफाइट
डबल बॉल (दोन्ही टोकांना बॉल असलेल्या) तारा घ्या, कापायची भानगड नाही.

खानापूर_शिसव
त्या साध्या ३४ इंचाच्या मापात येतात, ३७ च्या बी ला पुरत नाहीत. इथं हेडपीसला चिमटा आहे. तार आधी काटकोनात वाकवा, चिमट्यात आवळा, मग कापा. आधी कापली तर वरचं वळण गाभ्यावर सैल होतं आणि तार मुकी होते.

शहापूर_नोंदवही
जुना नॉब फेकू नका. पुडीत घालून, चिठ्ठी लावून केसमध्येच ठेवा. एकाच हाताने घडवलेला एकच नग, त्याचा मूळ भाग म्हणजे त्याची ओळख. असल्या प्रत्येक बेसचा एक कागद करा: दोन्ही बाजूंचा स्केल, सरळ फ्रेट कितवा, नटची रुंदी, ब्रिजवर तारांमधलं अंतर, बोर्डची त्रिज्या, रॉडच्या चावीचं माप आणि ॲक्शन प्रकार, प्रीॲम्पच्या वायरिंगचा फोटो, आधीच्या तारांचं गेज. घडवणारा उद्या नसला तरी दुरुस्ती करणाऱ्याला एवढ्यावर काम करता येतं. किंमतही त्या कागदामुळेच टिकते.

बेळगाव_नऊव्होल्ट
फॅन फ्रेट हे बेस बनवणाऱ्या डिंगवॉलवाल्यांचं डोकं ना?

शहापूर_नोंदवही
नाही. पेटंट राल्फ नोवाक यांचं, १९८९ चं. डिंगवॉलनी ती पद्धत बेसवर आणून गाजवली. तिरपे पडदे सोळाव्या शतकातल्या इंग्लंडच्या ऑर्फेरियन या तंतुवाद्यावरही होते. ३४ ऐवजी ३७ केलं की त्याच बी तारेचा ताण १८ टक्के वाढतो, सगळा खटाटोप त्यासाठी.

हलशी_तून
असाच बेस मिरजेत करून मिळेल का? तूनच्या लाकडाची बॉडी घालून?

खानापूर_शिसव
मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, लाकूडकाम आणि पॉलिश उत्तमच. पण सतारीचे पडदे बांधलेले असतात, सरकवता येतात. बेसच्या फ्रेटची खाच कायमची, तीही तिरपी. दोन्ही बाजूंचे स्केल वेगवेगळे आखून खाचा घ्याव्या लागतात. बॉडी मिरजेत करा, फिंगरबोर्ड खाचा पाडलेला विकत घ्या.

कारवार_खारावारा
आणि लाकूड सुकलेलं आहे ना ते बघा. ओल्या तूनची बॉडी वर्षभरात तडकते.

टिळकवाडी_पाचतारी
मोजलं. फट ०.०५ सुद्धा नव्हती. ट्यूनिंग नेहमीचं केलं, रॉड दोनदा अष्टमांश सोडला, आता ०.२५. दोन ते चार फ्रेट साफ. बी उघडी वाजवली की पहिल्या फ्रेटवर अजून खरखर, दाबली की नाही. नॉब उद्यमबागेत टाकलाय, पिच ०.७ निघाला.

खानापूर_शिसव
उघड्या तारेलाच असेल तर रॉड आता सोडू नका. झीरो फ्रेट (पहिल्याच्या आधीचा, उघडी तार टेकते तो) आहे ना? बी खाली त्यावर खाच पडलीय का बघा. असली तर तेवढा एकच फ्रेट बदलायचा. सोल्डरिंग आयर्ननं गरम करून, सपाट घासलेल्या पकडीनं कडेकडेनं उचला. नवीन वायर घेताना व्हर्नियरनं खाचेत बसणाऱ्या पात्याची जाडी मोजा, आणि उंची बाकीच्या फ्रेटपेक्षा किंचित जास्त घ्या. रविवारपर्यंत नाही झालं तर बी चा सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) पाव फेरा वर करून चालवा.