तूर आणि मोसंबीच्या फवारणीत स्टिकर कोणता आणि किती घ्यावा?

प्रश्न (अंबड तालुका, जालना)

नमस्कार. माझी चार एकर तूर फुलावर आहे आणि शेजारी दीड एकर मोसंबी आहे. फवारणीला बोअरचे पाणी वापरतो. ते इतके जड आहे की डाळ लवकर शिजत नाही. गेल्या वर्षी दुकानदाराच्या सांगण्यावरून प्रत्येक पंपात झाकणभर सिलिकॉन स्प्रेडर टाकले. तुरीवरची घाटेअळी आटोक्यात आली, पण मोसंबीवर कॉपर ऑक्सिक्लोराईडसोबत तेच टाकले, तेव्हा नव्या पालवीच्या कडा करपल्या आणि पानाच्या टोकाशी औषध साचून हिरवट-निळे डाग वाळले. स्टिकर आणि स्प्रेडर यांत नेमका फरक काय, आणि ते दर पंपाला घालावेच लागते का?

उत्तर १ (कृषी पदवीधर, परभणी)

दादा, दोन्ही एकाच बाटलीत मिळत असल्यामुळे हा गोंधळ सर्वत्र आहे. स्प्रेडर पाण्याचा पृष्ठताण कमी करून थेंब पसरवते, तर स्टिकर वाळलेले औषध पानाला धरून ठेवते. साध्या पाण्याचा पृष्ठताण सुमारे ७२ एकक (मिलिन्यूटन प्रति मीटर) असतो, साधे स्प्रेडर तो तिसाच्या आसपास आणते आणि सिलिकॉन वीस-बावीसपर्यंत उतरवते. म्हणूनच सिलिकॉन जास्त झाले की थेंब पानावर थांबत नाही, सरळ टोकाकडे ओघळतो. आपण पाहिलेले डाग त्याचेच आहेत.

ताम्रयुक्त औषध पानाच्या वर राहूनच काम करते. ते सिलिकॉनने आत ढकलले, तर कोवळ्या पालवीला इजा होते, त्यामुळे अशा बुरशीनाशकासोबत चिकटवणारे साधे स्टिकर पुरे. उलट, तुरीवर इमामेक्टिनसारखे पानात झिरपणारे औषध असेल, तर पसरवणाऱ्याचा उपयोग आहे, पण मात्रा मोजूनच घ्यावी. सिलिकॉन बहुधा लिटरला ०.३ ते ०.५ मिली पुरते, म्हणजे पंधरा लिटरच्या पंपाला जेमतेम पाच ते सात मिली. तरी शेवटचा शब्द त्या बाटलीच्या लेबलचा. झाकणाचे माप दर कंपनीचे वेगळे असते. ईसी प्रकारच्या (पाण्यात घातल्यावर दुधाळ होणाऱ्या तेलकट द्रव) औषधात पायसकारक, म्हणजे तेल पाण्यात मिसळवणारा घटक, आधीच असल्याने त्यात पुन्हा स्प्रेडर घालण्यापूर्वी एक सोपी खात्री करावी: तयार द्रावणाचा थेंब पानावर ठेवावा. अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखा गोल राहिला तर स्प्रेडर हवे, आपोआप पसरला तर नको.

उत्तर २ (सोयाबीन उत्पादक, सेलू)

जड पाण्याचा मुद्दा मागे राहू नये असे मला वाटते. त्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम २,४-डी अमाईनसारख्या काही तणनाशकांना बांधून ठेवतात, आणि ती उणीव कोणतेही स्टिकर भरून काढत नाही. म्हणून सोयाबीनमधील इमॅझेथापायरसोबत पुष्कळदा अमोनियम सल्फेट आणि स्प्रेडर असे दोन्ही दिलेले असते; त्यातले एकच टाकून दुसरे घरी ठेवू नये. शेततळ्याचे पाणी उपलब्ध असेल, तर फवारणीपुरते ते वापरावे. कपडे धुण्याची पावडर मात्र कुणीही टाकू नये. ती पाणी अधिक विम्ल (अल्कधर्मी) करते आणि काही कीटकनाशके टाकीतच विघटित होऊ लागतात.

उत्तर ३ (फळबागायतदार, पैठण)

मिसळण्याचा क्रमही सांभाळावा. आधी अर्धी टाकी पाणी, मग भुकटी, नंतर द्रव औषध आणि स्प्रेडर सर्वात शेवटी; आधी टाकले की फेस होऊन माप चुकते. नवे मिश्रण एका काचेच्या बरणीत त्याच प्रमाणात करून अर्धा तास ठेवावे. तळाशी चोथा बसला किंवा वर साय आली, तर ते पंपात घालू नये. तुरीला फूल आहे म्हणता, तर मधमाश्या परतल्यावर, संध्याकाळीच फवारावे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. आज तुरीच्या पानावर थेंब ठेवून पाहिला: लवेवर तो गोलच थांबला, आणि मोजपात्राने मोजलेले पाच मिली सिलिकॉन पंपात घातल्यावर लगेच पसरला. घरचे झाकण भरून मोजले, तर ते वीस मिलीचे निघाले.